सपाट चित्राची दंतकथा

प्रचलित मत आणि प्रस्तुत प्रतिज्ञा

डोळा म्हणजे कॅमेरा, त्यातील पडद्यावर बाहेरच्या जगाचे एक सपाट चित्र उमटते, ते चित्र चेतातंतूंच्या वाटेने मेंदूत पोहोचते, आणि मग मेंदू दोन डोळ्यांच्या दोन चित्रांतील फरक ताडून त्या सपाट चित्राला खोली बहाल करतो, ही समजूत क्रमिक पुस्तकांपासून सुशिक्षितांच्या बैठकीपर्यंत इतकी निर्वेधपणे रूढ झाली आहे की तिच्याविषयी शंका घेणे म्हणजे शास्त्राविषयीच शंका घेणे, असे पुष्कळांस वाटते. या समजुतीत पोताला, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीत, मऊ, रवाळ किंवा तंतुमय अशा स्वरूपाला, स्थान असलेच तर ते अगदी शेवटच्या पंगतीचे. आधी आकृती, मग अंतर, आणि सर्व निकाल लागल्यावर वरून चढवलेला मुलामा म्हणजे पोत.

हे मत मला उथळ वाटते. ते साफ खोटे आहे असे म्हणून मात्र भागणार नाही, कारण त्यातील एकेक विधान सुटे घेतले तर बहुतेक खरे आहे. उथळपणा आहे तो त्या विधानांच्या क्रमात. माझे प्रतिपादन असे की मेंदूपुढे कोणत्याही टप्प्यावर सपाट चित्र मांडले जात नाही. त्याच्या पाहण्याचा विषय प्रथमपासून पृष्ठभाग हा असतो. आणि पृष्ठभागाचा पोत व त्याची खोली या दोन गोष्टी एकामागून एक न ठरता एकाच फैसल्याची दोन कलमे म्हणून एकदमच ठरतात. पोत काढून घेतला तर खोली तर जातेच, पण सपाटपणाही शिल्लक राहत नाही, इतपत पुढे जाण्यास मी तयार आहे.

१. सपाटपणा आला कोठून

या समजुतीचा वंश मोठ्या माणसांपर्यंत जाऊन भिडतो. बाह्य वस्तूंची उलटी प्रतिमा डोळ्यामागच्या पडद्यावर उमटते हे केप्लरने १६०४ साली दाखवून दिले. आणि देकार्तने १६३७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक निबंधात, बैलाच्या डोळ्याची मागील आवरणे सोलून त्या जागी पातळ कागद लावल्यास ती प्रतिमा प्रत्यक्ष कशी पाहता येते याची कृतीच दिली. हे शोध निर्विवाद आहेत. मात्र बैलाच्या डोळ्यामागे उभा राहून जो गृहस्थ त्या चित्राला सपाट म्हणतो तो ते स्वतःच्या धडधाकट डोळ्यांनी, कागद नावाच्या एका पृष्ठभागावर पाहत असतो, आणि मेंदूच्या आत असा दुसरा गृहस्थ कोठेही उभा नसतो, ही साधी गोष्ट पुढे दीर्घकाळ बहुतेकांच्या ध्यानातून निसटली. वास्तविक डोळ्यामागचा पडदा सपाटही नाही. तो अंतर्वक्र आहे. त्यावर बारा कोटींच्या आसपास प्रकाशग्राही पेशी, आणि तेथून निघणारे चेतातंतू जेमतेम दहा-बारा लाख. म्हणजे आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे रवाना होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. रवाना होतो तो लगतच्या ठिकाणांमध्ये प्रकाशाचा कोठे किती फरक पडला याचा तपशील. आणि फरकांचे हे दाट जाळे हाच पोताचा कच्चा माल होय.

सपाटपणाच्या कल्पनेला तत्त्वज्ञानाची सनद दिली ती बर्कलीने, १७०९ सालच्या दृष्टिविषयक ग्रंथात. अंतर म्हणजे डोळ्याकडे टोक करून असलेली एक रेषा. ती लांब असो वा आखूड, डोळ्याच्या पडद्यावर तिचा पडतो तो एकच बिंदू. तस्मात् अंतर हे दिसण्याजोगे नव्हेच, स्पर्शाच्या आणि हालचालीच्या अनुभवाने ते दृष्टीशी मागाहून जोडले जाते, असा त्याचा युक्तिवाद. पाहण्याचा विषय पोकळीत टांगलेला एकच बिंदू असता तर या युक्तिवादास उत्तर नव्हते. परंतु आपण बिंदू पाहत नाही. आपल्या आणि समोरच्या झाडाच्या मध्ये नुसती पोकळी नसते, जमीन असते, आणि ती जमीन डोळ्याकडे टोक करून नव्हे तर पायांपासून क्षितिजापर्यंत अंग पसरून पडलेली असते.

२. पोत काढून घेतला तर काय उरते

सपाट चित्र ही पाहण्याची पहिली पायरी असेल, तर ज्या दृश्यात खोलीचा कोणताच पुरावा नाही तेथे माणसाला निदान सपाट पृष्ठभाग तरी दिसला पाहिजे. खोली वजा केली की बाकी सपाटपणा उरावा, असा हा सरळ हिशेब आहे. वोल्फगांग मेत्सगर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी हा हिशेब खोटा पाडला. त्याने निरीक्षकांना एका मोठ्या, पांढऱ्या, सर्वत्र सारख्याच उजळलेल्या भिंतीसमोर अशा बेताने बसवले की नजरेच्या टप्प्यात त्या भिंतीखेरीज काहीच येऊ नये. प्रकाश मंद असताना, म्हणजे गिलाव्याचे कण डोळ्याला वेगळे करता येत नसताना, निरीक्षकांना भिंत दिसलीच नाही. दिसले ते सभोवार भरून राहिलेले, कोठे सुरू होते आणि कोठे संपते याचा ठाव नसलेले धुके. प्रकाश वाढवल्यावर गिलाव्याचा रवा दिसू लागला, आणि त्याबरोबर ते धुके आटून त्या जागी, ठरावीक अंतरावर, एक टणक पृष्ठभाग उभा राहिला.

या प्रयोगाचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. रवा दिसणे, पृष्ठभाग दिसणे आणि तो अमुक अंतरावर असणे या तीन गोष्टी येथे पायरीपायरीने आलेल्या नाहीत. त्या एकत्र आल्या, आणि रवा नाहीसा होताच एकत्रच गेल्या. सपाटपणा ही दृष्टीची गृहीत रक्कम नसून तीही पोताच्या पुराव्यावरच मिळवावी लागते.

हा केवळ प्रयोगशाळेतला चमत्कार नव्हे. २८ नोव्हेंबर १९७९ रोजी अंटार्क्टिकातील एरेबस पर्वतावर एअर न्यूझीलंडचे प्रवासी विमान आदळून त्यातील सर्व २५७ माणसे मृत्युमुखी पडली. विमानाच्या मार्गाचे आकडे वैमानिकांना न कळवता बदलले गेले होते, हे त्या अपघाताचे एक कारण. पण आकडे काहीही असोत, दिवसाउजेडी समोरचा पर्वत दिसू नये हे कसे? पुढील न्यायालयीन चौकशीने त्याचा खुलासा केला तो असा: ढगाखालची हवा स्वच्छ होती, परंतु बर्फाचा चढता उतार आणि त्यावरचे पांढरे ढग यांच्या प्रकाशात व पोतात काहीच भेद उरला नव्हता, त्यामुळे जेथे पर्वताची भिंत होती तेथे दूरवर पसरलेले सपाट मैदान असल्याचा भास झाला. हवेत अडथळा नव्हता, डोळ्यांत दोष नव्हता, आणि तरीही समोरचा खरा पृष्ठभाग दिसला नाही.

३. दोन डोळ्यांची साक्ष

आता प्रचलित मताचा सर्वांत मातबर साक्षीदार पुढे येईल. चार्ल्स व्हीट्स्टन याने १८३८ साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, दोन डोळ्यांना दोन किंचित भिन्न रेखाकृती आरशांच्या साहाय्याने वेगवेगळ्या दाखवल्या की त्यांतून एक घनाकृती भासते, हे निर्णायकपणे सिद्ध केले. या साक्षीचे मोल मी कमी लेखत नाही. पण तिचा अंमल किती अंतरापर्यंत चालतो हे पाहावयास हवे.

प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सुमारे ६.३ सेंटिमीटर. सर्वसाधारण चांगली नजर दोन डोळ्यांतील कोनाचा २० विकलांइतका फरक ओळखते असे धरू (एक अंश म्हणजे ३६०० विकला). एवढ्यावरून भूमिती सांगते की एक मीटरवर दीड मिलिमीटरची पुढेमागे कळेल, दहा मीटरवर पंधरा सेंटिमीटरची, आणि शंभर मीटरवर दोन वस्तू पंधरा मीटरनी पुढेमागे असल्याखेरीज त्यांतील भेद कळणार नाही. कारण अंतर दसपट झाले की चूक शतपट होते. सुईत दोरा ओवताना ही साक्ष बिनतोड आहे. घाटमाथ्यावर उभे राहून कोकणाकडे उतरणाऱ्या डोंगरांच्या सोंडा एकीमागे एक रचलेल्या पाहणाऱ्याला मात्र तिचा उपयोग जवळजवळ शून्य. मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १९६१ सालच्या मोटार अपघातात गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी कसोटी क्रिकेटमध्ये पदार्पण केले आणि पुढे एका डोळ्याच्या भरवशावर सहा कसोटी शतके काढली, त्यांतले एक नाबाद २०३ धावांचे. खोली ही दोन डोळ्यांचीच देणगी असती तर हे घडते ना.

परंतु माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाचा मुद्दा निराळाच आहे, आणि तो बेला युलेश याच्या प्रसिद्ध प्रयोगात दडलेला आहे. बेल प्रयोगशाळेतील या संशोधकाने १९६० साली गणकयंत्राकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे, कोणतीही आकृती नसलेले, निव्वळ यदृच्छेने भरलेले दोन चौकोन तयार करविले. दोन्ही तंतोतंत सारखे. फक्त एकाच्या मधला लहान चौकोनी तुकडा किंचित बाजूला सरकवलेला. कोणत्याही एका डोळ्याने पाहिले तर ठिपक्यांचा गोंधळ तेवढा दिसतो. दोन डोळ्यांनी, एकेकाला एकेक चौकोन दाखवून पाहिले की काही क्षणांनी मधला तुकडा गोंधळातून सुटून हवेत तरंगू लागतो. आकृती ओळखण्याच्या आधीच खोली दिसू शकते, असा याचा अर्थ सर्वत्र केला जातो, आणि तो योग्यच आहे.

तथापि युलेशला त्या चौकोनांत भरावे काय लागले, हे कोणी फारसे विचारत नाही. त्याला पोत भरावा लागला. आकृती काढून टाकता आली, रंग काढून टाकता आला, अर्थ तर सगळाच काढून टाकता आला; पण ठिपक्यांऐवजी एकसारखा करडा रंग भरला असता तर सरकवण्यासारखे काही उरलेच नसते, आणि डाव्या डोळ्यातला कोणता भाग उजव्यातल्या कोणत्या भागाशी जुळवायचा याचा निर्णय देवालाही करता आला नसता. दोन डोळ्यांची साक्ष पोताच्या कागदावर लिहिली जाते. युलेशने स्वतः पुढची वीस वर्षे पोताच्या अभ्यासात घालवली, दोन पोतांमधली कोणती भिन्नता एका दृष्टिक्षेपात कळते आणि कोणती शोधावी लागते याची बारकाईने छाननी केली, हा मला योगायोग वाटत नाही.

४. जमिनीचे गणित

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन हा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी वैमानिकांच्या पारखणीचे काम करीत होता. विमान उतरवणाऱ्याला अंतर कशावरून कळते, हा प्रश्न त्या काळी जिवावरचा होता, आणि पुस्तकांतून सांगितलेली अंतराची लक्षणे तेथे तोकडी पडत होती. त्यातून निघालेले उत्तर त्याने १९५० साली ग्रंथरूपाने मांडले: अंतराचा मुख्य आधार म्हणजे जमीन, आणि जमिनीवरील पोताची क्रमशः होत जाणारी दाटी.

ही दाटी नुसती ढोबळ नाही. तिला काटेकोर नियम आहे, आणि माझ्या प्रतिपादनाचा कणा तोच असल्यामुळे येथे थोडे थांबणे प्राप्त आहे. एखाद्या लांबलचक ओसरीवर चौरस फरश्या बसवलेल्या आहेत. आपण एका टोकाला उभे राहून पाहतो आहोत. जी फरशी दुप्पट दूर, तिची आडवी रुंदी डोळ्याला निम्मी दिसते; परंतु तिची आपल्यापासून दूर जाणारी लांबी निम्मी नव्हे, सुमारे चतुर्थांश दिसते. दसपट दूरची फरशी रुंदीने एकदशांश, लांबीने एकशतांश. म्हणजे दूर जाताना पोत केवळ लहान होत नाही, तो चेपत जातो, आणि रुंदीच्या व लांबीच्या घटण्यात जी तफावत पडते तिच्यावरून पृष्ठभाग डोळ्याशी किती तिरपा आहे हे कळते. जमिनीपासून आपल्या डोळ्याची उंची शरीराला ठाऊकच असते; त्या उंचीच्या मापाने ओसरीची सगळी लांबी मोजून होते.

यावर नैयायिक ताबडतोब अन्योन्याश्रय दोष काढील. पोत सर्वत्र सारखा आहे असे मानले तरच तिरपेपणा काढता येतो; आणि तिरपेपणा आधी ठाऊक असला तरच पोत सर्वत्र सारखा आहे की दूरचे दाणे खरोखरच बारीक आहेत, हे सांगता येते. मग पहिले काय? आक्षेप बिनचूक आहे. पण जे मत दोहोंपैकी एकाला आधी बसवते त्याच्याच मुळावर तो घाव घालतो, माझ्या मतावर नव्हे. फरशीचा आकार आणि फरशीचे अंतर ही दोन अज्ञाते आहेत, आणि रुंदीचा नियम व लांबीचा नियम ही दोन समीकरणे आहेत. शाळकरी बीजगणितातसुद्धा अशा प्रसंगी आधी क्ष आणि मग य असा मान ठरलेला नसतो. दोन्ही एकत्रच सुटतात, आणि एकाची किंमत चुकली तर दुसऱ्याची चुकल्यावाचून राहत नाही.

ही परस्परबद्धता कागदावरची नाही याला दाखला आहे. सिनाई, ऊई आणि हे या नावांच्या संशोधकांनी १९९८ साली मोकळ्या जागेत माणसांना काही अंतरावरच्या वस्तू दाखवून त्यांची अंतरे अजमावावयास सांगितली. मधली जमीन सलग आणि एकाच पोताची असताना अंदाज बरोबर आले. मध्ये खड्डा पडलेला असता अंतर आहे त्याहून जास्त वाटले. आणि खड्डा मुळीच नसून केवळ अर्धी जमीन काँक्रीटची व अर्धी गवताची अशी पोताची फूट पडली असता तेच अंतर कमी वाटले. जमीन जागच्या जागी, डोळे दोन्ही शाबूत, वस्तूही तीच. बदलला तो फक्त पोत, आणि त्याबरोबर अंतर बदलले.

गिब्सनविषयी एक मतभेद येथेच नोंदवून ठेवतो. प्रकाशातच सर्व माहिती तयार असते, मेंदूला काही अनुमान वा गणित करावे लागत नाही, अशी त्याची उत्तरायुष्यातील भूमिका होती. जमीन दाखवून दिल्याबद्दल त्याचे ऋण मोठे आहे. पण समीकरणे बाहेर लिहिलेली आहेत म्हणून ती सोडवणारा कोणी नको, हे म्हणणे मला पटत नाही.

५. सारवलेले अंगण

येथवर पोत आणि खोली यांची अभेद्य जोडी दाखवली. परंतु मुळात त्या दोन गोष्टी आहेत तरी का? शेणाने नुकतेच सारवून वाळलेले अंगण जवळून पाहावे. पंज्याने ओढलेले अर्धवर्तुळाकार वळसे एकावर एक चढलेले असतात. प्रत्येक वळशाच्या कडेला, जेथे बोटांची टोके थांबली, तेथे केसाएवढी कड राहिलेली असते. मध्येच एखादी गवताची काडी अर्धी रुतलेली. भर दुपारी ऊन थेट डोक्यावरून पडते तेव्हा हे अंगण एकरंगी, जवळजवळ कोरे दिसते. दिवस कलल्यावर तिरपे ऊन आले की प्रत्येक कडेची एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते, आणि साऱ्या अंगणाचा पोत वर येतो. अंगणात काहीच बदललेले नाही. जे दिसू लागले ते लाखो सूक्ष्म चढउतार, म्हणजेच खोली. फक्त ती इतकी बारीक आणि इतकी पुष्कळ की तिचा एकेक चढ न मोजता आपण तिची सरासरी चाल तेवढी ध्यानात घेतो. पुष्कळदा पोत म्हणजे लहान मापाची खोली होय, आणि खोलीचा हिशेब जेथे नगावारी न ठेवता घाऊक ठेवला जातो तेथे आपण पोत हा शब्द वापरतो.

छायाप्रकाशावरून चढ कोणता आणि उतार कोणता हे ठरवताना मेंदू एक गोष्ट गृहीत धरतो: उजेड वरून येतो, आणि तो एकाच ठिकाणाहून येतो. विलयनूर रामचंद्रन यांनी १९८८ साली साध्या छायांकित वर्तुळांच्या साहाय्याने हे सुबकपणे दाखवले; वरून उजळ वर्तुळ फुगीर दिसते, कागद उलटा धरला की तेच खोलगट होते. नकाशाशास्त्रज्ञांना हा त्रास चांगला परिचयाचा आहे. हिवाळ्यातल्या सकाळी टिपलेल्या सह्याद्रीच्या उपग्रहचित्रात सूर्य आग्नेयेकडून, म्हणजे उत्तर वर ठेवलेल्या कागदाच्या खालच्या बाजूने आलेला असतो. परिणामी पुष्कळांना दऱ्यांच्या जागी डोंगराच्या सोंडा दिसतात, आणि सोंडांच्या जागी दऱ्या. म्हणूनच हाताने छायांकित केलेल्या नकाशात उजेड वायव्येकडून टाकण्याचा प्रघात आहे, मग तेथून सूर्य आपल्याकडे क्वचितच तळपत असला तरी बेहत्तर.

आपल्या चित्रशास्त्राला ही गोष्ट अज्ञात नव्हती. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात निम्न आणि उन्नत भागांचा विभाग दाखवता येणे हे खऱ्या चित्रज्ञाचे लक्षण सांगितले आहे, आणि त्यासाठी जी वर्तना, म्हणजे छायांकनाची रीत, सांगितली तिचे तीन प्रकार पत्ररेषा, सूक्ष्म रेखन आणि बिंदू असे आहेत. म्हणजे गोलाई आणावयाची ती रेषांच्या व ठिपक्यांच्या दाटी-विरळीने. पोत दाट केला की खोली आली. शास्त्रकाराने सिद्धान्त मांडला नाही, कृती सांगितली. पण कृती बरोबर आहे.

चकाकीचीही तीच कथा. रेशीम आणि सूत यांतील भेद आपण कवडशांवरून ओळखतो असे वाटते. सिडनी विद्यापीठातील बार्टन अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवले की छायेचा तोच चढउतार कायम ठेवून केवळ आकृतीची बाह्यरेषा बदलली, आणि त्यायोगे पृष्ठभागाचा घाट वेगळा भासवला, तर तोच पृष्ठभाग कधी झळाळता दिसतो आणि कधी मंद. घाट ठरल्यावाचून कापड ठरत नाही.

६. मेंदूच्या दफ्तरात

मेंदूत पोताचे खाते वेगळे आणि खोलीचे वेगळे असेल, तर हा सारा खटाटोप व्यर्थ ठरेल, असे कोणी म्हणेल. मेंदूच्या मागील भागातील प्राथमिक दृष्टिक्षेत्रात ठरावीक कलाच्या रेषांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी ह्यूबेल व वीझेल यांनी शोधल्या, ज्याबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि बार्लो, ब्लेकमोर व पेटिग्र्यू यांना १९६७ साली मांजराच्या मेंदूत, दोन डोळ्यांतील फरकाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी याच क्षेत्रात आढळल्या. लगतचे दुसरे दृष्टिक्षेत्र अधिक बोलके आहे. नैसर्गिक पोत आणि त्याच जाडी-बारकाईचा पण विस्कटलेला गोंधळ यांत प्राथमिक क्षेत्र फारसा भेद करीत नाही, दुसरे क्षेत्र करते, हे फ्रीमन व सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवले. आणि एका पृष्ठभागाची दुसऱ्याच्या तुलनेने पुढेमागे, तसेच दोहोंमधली सीमारेषा कोणाच्या मालकीची, यांची दखल घेणाऱ्या पेशीही या दुसऱ्या क्षेत्रात आहेत. पोताची आणि खोलीची कागदपत्रे एकाच कचेरीत, एकाच वेळी उघडली जातात.

कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने मेंदूला इजा झालेल्या एका स्त्रीची हकीकत या शास्त्रात फार गाजली. गुडेल व मिल्नर यांनी १९९१ पासून तिचा अभ्यास केला. तिला वस्तूची आकृती सांगता येत नसे. फट आडवी आहे की उभी, हेही सांगता येत नसे. पण त्या फटीत पत्र टाकावयास सांगितले तर हात अचूक वळे. आणि रंग व पोत, वस्तू लाकडाची आहे की धातूची, हे तिला बऱ्यापैकी कळत असे. पोत आणि आकृती यांची अशी फारकत होते याअर्थी ती स्वतंत्र खाती आहेत, असा निष्कर्ष यातून काढला जातो. पण इजेने दोन गोष्टी अलग करता येतात एवढ्यावरून निरोगी माणसात त्या एकमेकींवाचून ठरतात, हे सिद्ध होत नाही. शिवाय प्रचलित मताला ही हकीकत मुळीच सोयीची नाही. ज्या क्रमात आकृती पहिली आणि पोत शेवटचा, त्या क्रमात आकृतीशिवाय पोत उभाच राहावयास नको होता.

७. आक्षेपांचा परामर्श

पहिला आक्षेप चित्राचा. कॅनव्हास सपाट असून त्यात खोली दिसते, तेव्हा सपाट चित्रातून खोली काढणे हेच मेंदूचे काम ठरते, असे म्हणतात. पण चित्र पाहताना आपल्याला दोन पृष्ठभाग दिसतात: चित्रातले शेत, आणि ज्यावर ते रंगवले तो कापडाचा विणकाम असलेला, रंगाचे थर चढलेला फलक. म्हणूनच चित्राला कोणी खिडकी समजून फसत नाही. कॅनव्हासचा सपाटपणाही त्याच्या पोतावरूनच दिसतो. चित्र हा दोन पोतांच्या भांडणाचा प्रसंग आहे, पाहण्याचा मूळ नमुना नव्हे.

दुसरा आक्षेप यंत्रांचा, आणि तो थोडक्यात आटोपतो. एका छायाचित्रावरून अंतरे सांगणारी संगणकप्रणाली आता सर्रास आहे. खरे आहे. पण छायाचित्रांतील वस्तू ओळखण्यास शिकवलेल्या प्रणालींना जर्मन संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या आकृतीवर हत्तीच्या कातडीचा पोत चढवून दाखवला तेव्हा त्यांनी हत्ती असा निर्वाळा दिला. माणसांनी मांजर म्हटले. पृष्ठभागापासून तोडलेला पोत असा दगा देतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना. चेसल्डन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १७२८ साली तेरा-चौदा वर्षांच्या एका अंध मुलाच्या मोतीबिंदूंवर शस्त्रक्रिया केल्यानंतरची हकीकत लिहिली. त्या मुलाला अंतर कळत नव्हते. सर्व वस्तू आपल्या डोळ्यांना चिकटल्या आहेत असे तो म्हणे. बर्कलीच्या अनुयायांनी याचा मोठा डंका पिटला. परंतु चिकटलेल्या वस्तू म्हणजे सपाट चित्र नव्हे. आणि हीच हकीकत पुढे सांगते की चित्रे मात्र त्या मुलाला आरंभी रंगीबेरंगी सपाट फलक म्हणून दिसत, आणि सुमारे दोन महिन्यांनी त्यांत घनवस्तू आहेत हे कळल्यावर तो ती हाताने चाचपून चकित झाला, व स्पर्श खोटा की दृष्टी खोटी असे विचारू लागला. त्याला सारेच जग सपाट दिसत असते, तर चित्रे तेवढी सपाट आहेत हा भेद त्याने कशावरून केला?

चौथा आक्षेप तत्त्वज्ञानाचा. हेल्महोल्ट्सने एकोणिसाव्या शतकात म्हटले की पाहणे हे नकळत केलेले अनुमान आहे आणि त्याची शिकवणी अनुभव देतो. हाच पूर्वपक्ष न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात आहे: झाडाचा पुढचा भाग तेवढा दिसतो, उरलेले झाड आपण ताडतो, तेव्हा प्रत्यक्ष हे अनुमानच होय. नैयायिकांचे उत्तर असे की जेवढा भाग दिसतो तेवढा तरी प्रत्यक्षच दिसतो, आणि अवयवांबरोबर अवयवीही दिसतो. मी येथे निम्मा नैयायिक आहे. गृहीतके आहेत, उजेड वरून येतो हे त्यांतलेच एक. पण आधी सपाट भाग प्रत्यक्ष आणि मग खोली अनुमित, अशी वाटणी करता येत नाही, कारण तो पुढचा भागही खोलीसकटच दिसतो.

शिकवणीविषयी म्हणाल तर भारतातच मिळालेला पुरावा पाहावा. पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाश या उपक्रमात जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया होऊन त्यांना दृष्टी मिळते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा मुलांना स्पर्शाने ओळखीची झालेली वस्तू नुसत्या नजरेने लगेच ओळखता येत नाही; तो मेळ बसण्यास काही दिवस लागतात. आणि २०१५ साली याच उपक्रमातील आठ ते सोळा वर्षांच्या नऊ मुलांना, दृष्टी आल्यानंतर दोन दिवसांच्या आत, एकमेकींकडे झुकत जाणाऱ्या दोन रेषांमध्ये काढलेल्या सारख्याच लांबीच्या दोन आडव्या रेघा दाखवल्या. डोळस माणसांप्रमाणे त्यांनाही वरची रेघ लांब दिसली. हा भ्रम कितपत खोलीतून येतो आणि कितपत आणखी साध्या यंत्रणेतून, याविषयी मतभेद आहेत. परंतु ज्या मुलांच्या हातांची आणि डोळ्यांची अजून गाठही पडली नव्हती त्यांना तो झाला, यावरून स्पर्शाने डोळ्याला धडे द्यावेत आणि मग डोळ्याने जग मांडावे, हा बर्कलीचा क्रम टिकत नाही, आणि त्याच्या आधारावर उभे असलेले ते सपाट चित्रही टिकत नाही.